वेदीवरची भाकर कोणाची?

(हितचिंतकांच्या उपकारस्तुती मेळाव्यात केलेलं भाषण)



आत्ताच आपण वेदीपुढे आपापली अर्पणं ठेवली. कोणी तांदूळ आणले, कोणी भोपळा, कोणी नारळाची जोडी, कोणी पाकीट. त्यातलं बरंचसं आमच्या वसतिगृहाच्या कोठीत जाईल. त्याबद्दल मुलांच्या वतीने मी आधीच तुमचे आभार मानते. आज मात्र मी एका अशा बिशपांची गोष्ट सांगणार आहे, ज्यांचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नाने बदलून टाकलं. वेदीवर मी जी भाकर ठेवतो ती कोणाच्या कष्टाची आहे, हा तो प्रश्न.

त्यांचं नाव बार्तोलोमे दे लास कासास. ते स्पेनचे, कॅथलिक पंथाचे, आणि सोळाव्या शतकातले. आपल्यातले बरेच जण प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले आहेत. हे बिशप आपल्याला कशाला, असं कोणाला वाटेल. ईश्वरविज्ञानाची पदविका करताना मंडळीच्या इतिहासात मीही त्यांच्यावर दोन परिच्छेद पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरून गेले. पुढे कातकरी वाड्यांवर काम करताना ते पुन्हा आठवले. का आठवले, ते शेवटी सांगते.

लास कासास यांचा जन्म १४८४ च्या सुमारास सेव्हिल शहरात झाला. त्यांचे वडील १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर गेले होते. परत येताना त्यांनी मुलासाठी तिकडचा एक तरुण नोकर म्हणून आणला. पुढे राणी इसाबेलाच्या हुकुमावरून त्याला परत पाठवावं लागलं. म्हणजे ज्या लोकांसाठी पुढे हा माणूस राजांशी भांडला, त्यांच्यातला पहिला माणूस त्याच्या आयुष्यात आला तो हाताखालचा नोकर म्हणून.

१५०२ मध्ये लास कासास स्वतः हिस्पानिओला बेटावर गेले. आज त्या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे देश आहेत. तिथे ताइनो नावाचे मूळ रहिवासी राहत. स्पॅनिश लोकांनी तिथे एक पद्धत सुरू केली होती, तिला एन्कोमिएन्दा म्हणत. या शब्दाचा अर्थ सोपवणं. राजाच्या नावाने गावंच्या गावं एकेका स्पॅनिश माणसाला सोपवली जात. त्याने त्या लोकांचं रक्षण करायचं, त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा, आणि बदल्यात त्यांनी त्याच्या खाणीत आणि शेतात राबायचं. कागदावर सगळं नीटनेटकं होतं. प्रत्यक्षात खाणीत माणसं मरत होती आणि धर्मशिक्षण कोणी देत नव्हतं. लास कासास यांनाही अशी माणसं मिळाली होती. पुढे त्यांची पुरोहित म्हणून दीक्षा झाली, तरी ती माणसं त्यांच्याकडे होतीच.

१५११ च्या आगमनकाळात सांतो दोमिंगो शहरात आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाचे डोमिनिकन संघाचे धर्मगुरू प्रवचनाला उभे राहिले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा अरण्यातला आवाज हा त्यांचा विषय होता. समोर बेटाचे अधिकारी आणि जमीनदार बसले होते. मोंतेसिनोस यांनी त्यांना विचारलं की कोणत्या हक्काने तुम्ही या लोकांना गुलामीत ठेवता, आणि ही माणसं नाहीत काय? खळबळ उडाली. शब्द मागे घ्या, अशी मागणी झाली. पुढच्या रविवारी मोंतेसिनोस पुन्हा उभे राहिले आणि तेच आणखी कडक शब्दांत बोलले.

लास कासास यांच्यावर याचा काय परिणाम झाला? लगेच काहीच नाही. एका डोमिनिकन धर्मगुरूने त्यांचा पापांगीकार ऐकायलाही नकार दिला, कारण त्यांच्याकडे सोपवलेली माणसं होती. लास कासास यांनी वाद घातला आणि ती माणसं तशीच ठेवली. आपण आपल्या लोकांशी चांगलं वागतो, मग अडचण कुठे आहे, असं त्यांना वाटत होतं. बंधुभगिनींनो, ही जागा लक्षात ठेवा. हा माणूस क्रूर नव्हता. तो चांगला मालक होता, आणि म्हणूनच त्याला काही दिसत नव्हतं.

नंतर ते सैन्याबरोबर पुरोहित म्हणून क्यूबा बेटावर गेले. तिथे काओनाओ गावात स्पॅनिश सैनिकांनी कारण नसताना केलेली कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्याच बेटावर हातुए नावाच्या टोळीप्रमुखाला खांबाला बांधून जाळण्यात आलं होतं. त्याची हकीकत लास कासास यांनी लिहून ठेवली आहे. मरण्याआधी एका धर्मगुरूने त्याला स्वर्गाविषयी सांगितलं. स्वर्गात ख्रिस्ती लोक जातात का, असं त्याने विचारलं. चांगले असतील ते जातात, असं उत्तर मिळाल्यावर, मग मला तिथे जायचं नाही, असं तो म्हणाला. मिशनचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत वर्षातून एकदा तरी आठवावी असं मला वाटतं. त्या माणसाच्या कानावर सुवार्ता आली, पण ती सांगणाऱ्यांची करणी त्याने आधीच पाहिली होती.

एवढं पाहूनही लास कासास यांनी क्यूबात नवी जमीन आणि नवी माणसं घेतली. पेद्रो दे ला रेन्तेरिया हे त्यांचे मित्र आणि भागीदार. दोघांचं बरं चाललं होतं. मग १५१४ चा पेंटेकॉस्ट आला. लास कासास प्रवचनाची तयारी करत होते आणि वाचता वाचता सिराखच्या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायाशी थांबले. हा ग्रंथ कॅथलिक बायबलात आहे, आपल्यापैकी अनेकांच्या बायबलात नाही. त्या अध्यायाचा भावार्थ असा की अन्यायाने मिळवलेल्यातून केलेलं अर्पण देव स्वीकारत नाही, गरिबाची भाकर हाच त्याचा जीव असतो, आणि जो ती काढून घेतो तो रक्त सांडतो.

काही दिवस ते या वचनांवर विचार करत राहिले. मोंतेसिनोस यांचं प्रवचन आठवलं, पापक्षमा नाकारणारा तो धर्मगुरू आठवला. शेवटी त्यांनी गव्हर्नर दिएगो वेलास्केस यांना जाऊन सांगितलं की माझ्याकडे सोपवलेली माणसं मी सोडतो. १५ ऑगस्ट १५१४ रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, त्यांनी भर प्रवचनात हे जाहीर केलं आणि समोर बसलेल्यांनाही तेच करायला सांगितलं. रेन्तेरिया तेव्हा जमैकाला गेले होते. तिथे त्यांच्याही मनात या लोकांच्या मुलांसाठी शिक्षणाची काही सोय करावी, असा विचार आला होता. परत आल्यावर दोघांनी आणलेला माल विकला आणि त्या पैशांतून लास कासास राजाला भेटायला स्पेनला निघाले.

आता त्यांच्या हातून झालेली मोठी चूकही सांगायला हवी. थोर माणसांच्या चुका आपण भाषणात गाळतो, ते बरं नाही. १५१६ मध्ये त्यांना मूळ रहिवाशांचा रक्षक असं पद मिळालं. त्या काळात त्यांनी राजदरबाराला ज्या सूचना केल्या, त्यांत एक अशी होती की या लोकांवरचं ओझं कमी करायला आफ्रिकेतून गुलाम आणावेत. आफ्रिकी गुलाम त्यांच्या सूचनेआधीच येऊ लागले होते, पण सूचना त्यांनी केली हे खरं. एका लोकसमूहाला वाचवताना त्यांनी दुसरा पुढे केला. नंतर आफ्रिकेत माणसं कशी पकडली जातात हे कळल्यावर त्यांना पश्चात्ताप झाला. आफ्रिकी लोकांची गुलामीही तितकीच अन्यायाची आहे, असं त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवलं. आपण अजाणतेपणी हे केलं, पण देवाच्या न्यायासनापुढे ती सबब चालेल की नाही याची आपल्याला खात्री नाही, असंही त्यांनी लिहिलं. आपली चूक इतक्या उघडपणे लिहिणारे पुढारी कमीच.

दुसरं अपयश आजच्या व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर, कुमाना इथे आलं. शस्त्रांशिवाय वसाहत करायचा त्यांचा बेत होता. पण गुलाम पकडणाऱ्या स्पॅनिश टोळ्यांनी आधीच तिथल्या लोकांना चिडवून ठेवलं होतं. वस्तीवर हल्ला झाला आणि सगळं संपलं. खचलेले लास कासास १५२२ मध्ये डोमिनिकन संघात गेले आणि बरीच वर्षं अभ्यासात आणि लिखाणात राहिले.

१५३७ मध्ये ग्वातेमालातल्या एका भागात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. त्या भागाला स्पॅनिश लोक युद्धाची भूमी म्हणत. लास कासास यांनी अंमलदाराकडून लेखी करार घेतला की पाच वर्षं एकाही स्पॅनिश जमीनदाराने तिथे पाऊल टाकायचं नाही, फक्त धर्मगुरू जातील. पुढे त्या प्रदेशाला वेरापास, म्हणजे खरी शांती, असं नाव मिळालं. त्याच वर्षी पोप तिसरे पॉल यांनी फर्मान काढलं की हे लोक खरोखर माणसं आहेत आणि ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य व मालमत्ता कोणी हिरावून घेऊ नये.

२० नोव्हेंबर १५४२ रोजी सम्राट पाचवे चार्ल्स यांनी नवे कायदे मंजूर केले. नवीन एन्कोमिएन्दा द्यायच्या नाहीत, आणि आहेत त्या धारकाच्या मृत्यूनंतर राजाकडे जमा करायच्या, असं त्यात होतं. त्यामागे लास कासास यांचा मोठा वाटा होता. त्यानंतर त्यांना पेरूमधल्या कुस्को या श्रीमंत धर्मप्रांताचं बिशपपद देऊ केलं गेलं. त्यांनी नाही म्हटलं आणि चिआपास हा गरीब, दूरचा प्रांत घेतला. ३० मार्च १५४४ रोजी सेव्हिलमध्ये त्यांचा अभिषेक झाला. तेव्हा ते साठीच्या आसपास होते.

पुढल्या वर्षी लेंतच्या दिवसांत ते आपल्या धर्मप्रांताच्या मुख्य गावी, सियुदाद रेआल इथे पोचले. तिथे त्यांनी जे केलं ते बिशपाच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं काम होतं. त्यांनी ठरवलं की ज्यांच्याकडे गुलाम आहेत आणि जे ते सोडायला तयार नाहीत, त्यांना पापक्षमा मिळणार नाही. बहुतेक पुरोहितांचा पापांगीकार ऐकण्याचा अधिकार त्यांनी काढून घेतला. ईस्टर तोंडावर आलेला, आणि गावातल्या मोठ्या लोकांना पापक्षमा नाही! कॅथीड्रलच्या डीननी बिशपांचं न ऐकता काहींना पापक्षमा दिली. बिशपांनी त्यांना पकडून आणायला सांगितलं, तर गावात दंगल उसळली. लोकांनी धर्मगुरूंना भिक्षा आणि धान्य देणं बंद केलं. त्यामुळे बरोबर आलेल्या डोमिनिकन बंधूंना गाव सोडून मूळ रहिवाशांच्या वस्तीकडे जावं लागलं.

तिकडे पेरूमध्ये नव्या कायद्यांविरुद्ध जमीनदारांनी बंड केलं आणि १५४६ मध्ये व्हाइसरॉय मारला गेला. त्याआधीच, ऑक्टोबर १५४५ मध्ये, सम्राटांनी वारसाहक्काचं ते महत्त्वाचं कलम मागे घेतलं होतं. लास कासास आपल्या धर्मप्रांतात जेमतेम वर्षभर राहिले. १५४७ मध्ये ते स्पेनला परतले, पुन्हा अमेरिकेत गेले नाहीत, आणि नंतर त्यांनी बिशपपदाचा राजीनामा दिला.

आपल्या वार्षिक अहवालाच्या हिशेबाने पाहिलं तर बिशप म्हणून त्यांची कामगिरी काय? एक वर्ष, एक दंगल, एक राजीनामा. पण जाताना त्यांनी पापांगीकार ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी बारा नियम लिहून ठेवले. एन्कोमिएन्दाचा धारक मरणाला टेकला असेल तर धर्मगुरूने आधी नोटरीला बोलवावं. धारकाने त्याच्यासमोर लिहून द्यावं की माझे गुलाम मोकळे, आणि या लोकांकडून मिळवलेलं त्यांना परत करण्याचा अधिकार मी माझ्या धर्मगुरूला देतो. हे झाल्यावर पापक्षमा. आधी परतफेड, मग क्षमा, हा त्यांचा क्रम होता. या नियमांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला आणि हस्तलिखिताच्या प्रती जप्त करण्याचा हुकूम निघाला.

१५५० आणि १५५१ मध्ये वायादोलिद शहरात सम्राटांनी विद्वानांची सभा बोलावली. हुआन गिनेस दे सेपुल्वेदा या पंडिताचं म्हणणं होतं की हे लोक स्वभावतःच गुलामगिरीला योग्य आहेत, त्यांना आधी युद्धाने नमवणं न्याय्य आहे. तो काही तास बोलला. लास कासास यांनी पाच दिवस आपला लेख वाचून दाखवला. सभेने स्पष्ट निकाल दिला नाही. जुलै १५६६ मध्ये माद्रिदच्या अतोचा मठात त्यांना मरण आलं, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. त्यांचा मोठा इतिहासग्रंथ छापला जायला १८७५ साल उजाडलं.

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती सगळी जमीनदारांकडून नव्हती. मेक्सिकोत तीस वर्षं मूळ रहिवाशांत राहिलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू मोतोलिनिया यांनी १५५५ मध्ये सम्राटांना पत्र लिहून तक्रार केली की हा माणूस एका जागी टिकत नाही, लोकांची भाषा शिकत नाही, सतत स्पेनला धावतो. मला या तक्रारीत तथ्य दिसतं. वाडीवर राहून भाषा शिकणारा माणूस लागतो. पण कोणीतरी दरबारात जाऊन कायद्याचं भांडण करणाराही लागतोच.

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एक वीटभट्टीमालक दर जूनमध्ये आमच्या वसतिगृहाला दप्तरं आणि वह्या देत असत. माणूस नम्र, बोलायला गोड. मुलांनी ओळीने उभं राहून त्यांचे आभार मानायचे, मी फोटो काढायचा. त्यातला एक फोटो याच त्रैमासिकात छापायला मीच दिला होता. तीन वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर आमची तिसरीतली एक मुलगी परत आली नाही. मी वाडीवर गेले तर घर बंद. सगळे भट्टीवर गेले होते. मी भट्टीवर गेले. मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसली होती, शेजारी तेच दप्तर. तिची आई म्हणाली, "ताई, दप्तर यांनीच दिलं, न् पोरही यांच्याच भट्टीवर."

पावसाळ्यात काम नसतं तेव्हा त्या कुटुंबाने उचल घेतली होती. ती फेडायला भट्टीवर यायचं, आणि हंगाम संपला तरी काहीतरी बाकी राहायचंच. किती उचल घेतली, किती फिटली, हे फक्त मालकाच्या वहीत. अशी माणसं बांधून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारीविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तरी तीन वर्षं मी त्या मालकांना एकही प्रश्न विचारला नव्हता. माणूस चांगला होता आणि दप्तरं हवी होती.

त्या रात्री मला लास कासास आठवले. चांगल्या मालकाला दिसत नाही हे त्यांच्याबाबतीत खरं होतं. इथे चांगल्या संस्थेला दिसत नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी मालकांकडे गेले आणि म्हटलं, वही त्या कुटुंबांसमोर मोठ्याने वाचूया. ते दुखावले. एवढं करून हेच ऐकायचं का, असं म्हणाले. बरीच बोलाचाली झाली. शेवटी चार कुटुंबांचा हिशेब वाचला गेला, आणि चौघांचीही उचल फिटलेली निघाली. मुलगी जूनमध्ये शाळेत आली. त्या जूनपासून दप्तरं मात्र आली नाहीत, आणि आमच्या समितीत मला त्याचा जाब द्यावा लागला. आज इथे उभं राहून सांगते, तो जाब द्यायला मला लाज वाटली नाही. लाज वाटते ती आधीच्या तीन वर्षांची.

बंधुभगिनींनो, जक्कयाची गोष्ट आपल्या सर्वांच्या बायबलात आहे. त्याने गरिबांना अर्धी मालमत्ता देऊ केली, पण तो तिथे थांबला नाही. ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो, असं तो म्हणाला. त्यानंतर प्रभूने त्या घराला तारण झाल्याचं सांगितलं. आपण जक्कयाचा पहिला भाग उपकारस्तुतीच्या दिवशी करतो. दुसरा बहुधा राहून जातो.

आपल्या देशाच्या कायद्यालाही हे कळतं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं मान्य केलेलं आहे. तेव्हा आमचे कार्यकर्ते एखाद्या म्हाताऱ्याचा वनहक्काचा दावा भरायला मदत करतात, तेव्हा ते त्याच्यावर दया करत नसतात. त्याचं होतं ते त्याला मिळावं म्हणून ते धावतात. तुमच्या देणगीतला काही भाग अशा कामात, तहसील कचेरीच्या फेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या बिलांत जातो. त्याचा फोटो चांगला येत नाही, पण त्याला कमी लेखू नका.

मी तुमच्याकडे आज दोन गोष्टी मागते. तुमच्या ओळखीत कोणी भट्टी, शेत, बांधकाम चालवत असेल, किंवा तुमच्याच घरी आदिवासी मुलगी कामाला असेल, तर हिशेब त्यांच्यासमोर वाचा आणि बाकी असेल ते द्या. आणि आम्हाला देणगी देताना आम्हालाही विचारा की तुम्ही कोणाकडून घेता, आणि कोणाला प्रश्न विचारायचं टाळता. हा प्रश्न मला तीन वर्षं कोणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही.

आपण आणलेलं धान्य आता मुलांच्या ताटात जाईल. ते आपल्या प्रामाणिक कष्टाचं असो, आणि ज्यांचं आपल्याकडे काही राहिलं आहे त्यांना ते परत देण्याचं धैर्य प्रभू आपल्याला देवो. आमेन.